दृकश्राव्य संवादाचा प्रमाणपत्र कोर्स : तुमचे अनुभव लिहा

हा कोर्स केलेल्या, करत असलेल्या सगळ्यांना आग्रहाचं निमंत्रण. वर्गात नेमकं काय हाताला लागलं ते लिहा. कॅमेरा कुठला घ्यावा, ही चर्चा इथे नको. सुरुवात मी करते.

मी कॅमेऱ्यासाठी प्रवेश घेतला आणि आवाजात रमले. आम्हाला आधी रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करायला लावला, मिनिटभर कुणी हलायचं नाही. संकलनाला बसल्यावर त्याचं मोल कळलं. मुलाखतीतलं एखादं वाक्य काढलं की मागे पोकळी राहते आणि कान अडखळतो. तिथे त्याच खोलीची शांतता भरावी लागते, दुसरीची चालत नाही. डिजिटलमध्ये आवाज ० डेसिबलवर, म्हणजे कमाल पातळीवर, आदळला की फाटतो, मग तो नीट परत मिळत नाही. म्हणून बोलणं जास्तीत जास्त उणे १२ च्या आसपास ठेवायचं. चित्र जरा अंधारं असलं तर प्रेक्षक सांभाळून घेतो, शब्द कळेनासे झाले की उठून जातो.

*

खोलीचा आवाज आम्ही मुलाखत संपल्यावर, माणसं जागेवर असतानाच घ्यायचो. माणसं उठली की तो बदलतो.

माझा जीव मात्र प्रकाशात. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड केशरी, जास्त तितका निळसर. टंगस्टनचा दिवा ३२०० केल्विन, दिवसाचा उजेड ५६०० च्या आसपास, हे पाठ करता येतं. पण खिडकीशेजारी दिवा लावून चेहरा एकीकडे निळसर, दुसरीकडे केशरी झालेला पाहिला, तेव्हापासून कुठेही गेले तरी आधी उजेडच दिसतो.

*

चाळिशीनंतर, नोकरी सांभाळून शिकलो. रशियन चित्रपट दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्हचा प्रयोग आम्ही वर्गातच करून पाहिला : एका मित्राचा निर्विकार चेहरा, त्याला जोडून कधी जेवणाचं ताट, कधी रिकामा पलंग. बघणारे म्हणाले, काय भाव आणलेत! चेहरा तोच होता. त्या दिवसापासून बातम्यांतली दृश्यंही मी जोड शोधत बघतो. एवढ्यासाठी फी वसूल झाली.

*

प्रवेश घेणाऱ्यांनो, दोन गोष्टी आधी विचारा. उपकरणं तासाबाहेर वापरायला मिळतात का? आणि गटात ध्वनी, कॅमेरा, संकलन आळीपाळीने सगळ्यांकडे येतं का? आमच्या गटात हा नियम होता, म्हणून लाजरी मुलंही कॅमेऱ्यामागे उभी राहिली. काम मागायला गेल्यावर प्रमाणपत्र नंतर, पहिल्यांदा तुम्ही केलेलं काम बघतात. ते कोर्समध्येच तयार होतं.