शब्दचर्चा : ‘पार्टिझन थिंक टँक’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

सदाशिव पेठेतून निघणाऱ्या एका मासिकाचे मुद्रितशोधन मी करते. येत्या अंकातील एका लेखात ‘पार्टिझन थिंक टँक्समुळे धोरणे ठरतात आणि पोलरायझेशन वाढते’ असे वाक्य आहे. (थिंक टँक म्हणजे सरकारी धोरणांचा अभ्यास करून शिफारशी करणारी संस्था; पार्टिझन म्हणजे एखाद्या पक्षाकडे झुकलेली.) संपादकांनी त्या जागी ‘पक्षपाती विचारगट’ आणि ‘ध्रुवीकरण’ हे शब्द सुचवले आहेत. मला ते पटत नाहीत, पण नेमके कारण सांगता येत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर

ताई, आपली शंका रास्त आहे. ज्याने निःपक्ष असणे अपेक्षित आहे त्याने एका बाजूला झुकते माप दिले, तरच आपण त्याला पक्षपाती म्हणतो. पंच पक्षपाती असू शकतो, वकिलाला तसे कोणी म्हणत नाही. अमेरिकेतील हेरिटेज फाउंडेशन (१९७३) उघडपणे पुराणमतवादी आहे आणि सेंटर फॉर अमेरिकन प्रोग्रेस (२००३) डेमोक्रॅटिक वर्तुळातील जॉन पोडेस्टा यांनी स्थापन केलेले आहे. दोघांनीही आपला कल लपवलेला नाही. मात्र करसवलत टिकवायची तर उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, त्यामुळे कागदोपत्री त्या कोणत्याच पक्षाच्या नाहीत. म्हणून ‘पक्षीय’ हा शब्दही चुकतो. मी ‘पक्षधार्जिणी’ म्हणेन.

‘विचारगट’ या शब्दावर माझा आक्षेप अधिक आहे. चार मंडळी संध्याकाळी जमून विचारविनिमय करतात, असे काहीसे चित्र त्यातून उभे राहते. प्रत्यक्षात या संस्था नव्या सरकारच्या टेबलावर ठेवण्याजोगे तयार मसुदे लिहितात आणि ते राबवणारी माणसेही पुरवतात. अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाचे रेगन सत्तेवर येत असताना, १९८१ मध्ये, हेरिटेजने खातेनिहाय शिफारशींचा जाडजूड ग्रंथ काढला होता. २०२३ मधील हेरिटेजच्याच ‘प्रोजेक्ट २०२५’चा सुमारे ९०० पानांचा दस्तऐवज त्याच परंपरेतला, आणि त्याच्या जोडीला संभाव्य अधिकाऱ्यांची यादी तयार करण्याचे कामही होते. आपल्याकडे विवेकानंद इंटरनॅशनल फाउंडेशन या दिल्लीतील थिंक टँकचे संस्थापक संचालक अजित डोवाल २०१४ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. एवढा व्याप ‘धोरणसंस्था’ या शब्दात मावतो, ‘विचारगटा’त मावत नाही.

आता ‘ध्रुवीकरण’. मराठी वृत्तपत्रांत हा शब्द बहुतेक वेळा ‘मतांचे ध्रुवीकरण’ असा, म्हणजे धर्म किंवा जात यांच्या आधारे मते एकवटण्याच्या अर्थाने येतो. लेखकाला अभिप्रेत असलेली गोष्ट निराळी आहे : दोन पक्षांतील दरी वाढणे. एक उदाहरण घ्या. प्रत्येकाने आरोग्यविमा घेतलाच पाहिजे, ही कल्पना १९८९ मध्ये हेरिटेजनेच मांडली होती. २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी ती राज्यात लागू केली. आणि २०१० मध्ये तीच तरतूद डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या आरोग्यविमा कायद्यात आल्यावर हेरिटेज तिच्या विरोधात उभे राहिले. तरतुदीचा गाभा फारसा बदलला नव्हता, ती मांडणारा पक्ष बदलला होता. अशा ठिकाणी ‘पक्षीय दुफळी’ म्हटले तर वाचकाला लगेच समजते.

दुसरे मत

‘धोरणसंस्था’ मान्य, पण ‘धार्जिणी’बद्दल मतभेद नोंदवतो. ‘भांडवलदारधार्जिणे धोरण’ असे आपण शिव्या घालतानाच म्हणतो. मग ‘पक्षपाती’ने काय घोडे मारले होते? ‘पक्षसंलग्न’ का नको? शिवाय पुणेकरांनी एक भेद विसरू नये. गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था १९३० पासून इथे आहे आणि तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ १९६७ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. संस्थेतून सत्तेत माणूस गेला, एवढ्यावरून ती पक्षाची ठरत नाही.

उत्तर

शेवटचा मुद्दा मान्य; डोवालांचे उदाहरण मी ‘धोरणसंस्था’ या नामासाठी दिले होते, विशेषणासाठी नाही. ‘पक्षसंलग्न’ मात्र जर्मनीसाठी राखून ठेवावा. तिथे कोनराड आडेनाउअर प्रतिष्ठान ख्रिश्चन डेमोक्रॅटांशी आणि फ्रीडरिश एबर्ट प्रतिष्ठान सोशल डेमोक्रॅटांशी जोडलेले आहे, आणि त्यांना सरकारी तिजोरीतून पैसा मिळतो. सारे उघड आणि मान्य आहे. हेरिटेजसारख्या संस्थेचे नाते कागदावर नसते, कृतीत दिसते. ‘धार्जिणी’त टीकेची छटा आहे हे खरे, पण मूळ लेखातही ती आहेच. लेखकाला तटस्थ राहायचे असेल, तर ‘पक्षाशी जवळीक असलेल्या धोरणसंस्था’ असे सरळ लिहावे. दोन शब्द वाढतील, एवढेच.