मदत हवी आहे: देवीचा रोग निघालेल्या जहाजाची विलगीकरणाची मुदत कुठल्या दिवसापासून मोजत?

सिडनीच्या नॉर्थ हेड विलगीकरण केंद्राच्या 1881च्या देवीच्या साथीतल्या नोंदी लावतो आहे. रोगाची खूण म्हणून पिवळा बावटा लावलेलं जहाज केंद्राजवळच्या स्प्रिंग कोव्ह या खाडीत नांगरायचं, रोगी इस्पितळात, बाकीचे वेगळ्या आवारात, इथपर्यंत स्पष्ट आहे. लागणीपासून ताप यायला 7 ते 19 दिवस जातात, म्हणून नवा रोगी निघाला की मोजणी पहिल्यापासून. पण ती सगळ्या जहाजाची, की फक्त त्याच्या सोबतच्यांची? लस लागणीनंतर 3-4 दिवसांत टोचली तरच देवी बहुधा टळते. मग टोचल्याची तारीख धरत होते का? शिवाय खपल्यांतला विषाणू अंथरूण-कपड्यांत टिकतो. गाठोडी तशीच सोडली, तर माणसं अडकवून उपयोग काय? कपडे निर्जंतुक केल्याची तारीख सुटकेच्या दाखल्यावर असायची का? असे दाखले किंवा डॉक्टरांची रोजची नोंदवही पाहिलेल्यांनी कृपया सांगा.