ओजसची गाठ आणि स्टेरॉइडची गोळी

सविता (सी-३०४): परवा रात्री आमच्या ओजसला फिट आली तेव्हा धावून आलात, सगळ्यांचे मनापासून आभार. तो घरी आलाय. एमआरआयमध्ये मेंदूत एकच छोटी गाठ दिसली, भोवती सूज. डुकराच्या मांसातून येणाऱ्या फीतकृमीची अळी आहे म्हणाले. आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही हो!

नंदूकाका (ए-१०१): कोबीतली अळी असणार. कोबी बंद करा.

वैशालीताई (बी-५०३): काका, कोबीतली हिरवी अळी वेगळी, ती मेंदूत जात नाही. डुकराचं कच्चं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतो. त्याच्या विष्ठेतून अंडी पडतात, आणि सांडपाण्यावरच्या भाजीतून, न धुतलेल्या हातांतून ती कुणाच्याही पोटात जातात. मेंदूतली गाठ या अंड्यांची. त्यात शाकाहारी माणूसही सुटत नाही.

सविता: पण ताई, स्टेरॉइड का दिलंय? त्यानं प्रतिकारशक्ती कमी होते ना? सासूबाई म्हणतात, बंद कर. मीही घाबरलेय.

वैशालीताई: मुळीच बंद करू नकोस. ही अळी जिवंत असते तोवर पाण्याच्या फुग्यासारख्या कोषात गप्प पडून असते. आपल्या शरीरातल्या पांढऱ्या पेशींना दाबून ठेवणारे पदार्थ सोडत राहते, म्हणून वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. इंग्रजांच्या काळात इथे राहून गेलेल्या गोऱ्या सैनिकांना मायदेशी परतल्यावर कितीतरी वर्षांनी फिट्स येऊ लागल्या, त्या यामुळेच. अळी मरायला लागली की कोष झिरपतो, आणि आत कुणी परकं आहे हे शरीराला तेव्हा उमगतं. पांढऱ्या पेशी तुटून पडतात. ही सूज म्हणजे त्यांचीच लढाई. तिनं मेंदू चाळवला की फिट येते. अळीपेक्षा या लढाईचाच त्रास जास्त, म्हणून स्टेरॉइडनं ती आवरायची. आणि फिटची गोळी एकही चुकवू नकोस.

महेश (बी-२०२): माझ्याकडे जंताच्या गोळ्या आहेत. मुलांना आठवडाभर देऊन टाकू का?

वैशालीताई: नको रे! शाळेत मिळते ती एक गोळी आतड्यातल्या जंतांसाठी, ती जरूर द्या. मेंदूतल्या गाठीला तेच औषध, अल्बेंडाझोल, बरेच दिवस देतात, पण सोबत स्टेरॉइड असतं. नाहीतर अळ्या मरताना सूज भडकते. डोळ्यात अळी नाही ना, हेही आधी बघून घेतात.

सविता: सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. आजची गोळी त्यांनीच दिली, नाश्त्यानंतर.