बाबांचा पीएसए १२ आला, बायोप्सी करावी का?

प्रश्न (आर्वीजवळून)
बाबा ७४ वर्षांचे. रात्री चार-पाचदा उठतात, लघवीची धार बारीक. गावातल्या शिबिरात रक्त तपासलं, पीएसए (प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीची रक्ततपासणी) १२. डॉक्टर बायोप्सी म्हणतात, म्हणजे सुईने तुकडा काढून कॅन्सर आहे का बघायचं. बाबा म्हणतात, "मले काही दुखत नाही, सुई काहून टोचू?" पण रिपोर्ट पंचांगात घडी घालून ठेवलाय, रोज काढून बघतात. काय करू?

उत्तर (यवतमाळ)
माझ्या वडिलांची झाली, म्हणून सांगतो. नुसत्या पीएसएवर घाबरू नका. प्रोस्टेट वाढली किंवा लघवीत इन्फेक्शन असलं तरी तो चढतो. आधी लघवी तपासा, पीएसए पुन्हा करा, एमआरआयचं विचारा. आमच्याकडे गुदद्वारातून बायोप्सी केली. तिसऱ्या दिवशी ताप. दोन गोधड्या टाकल्या तरी दात वाजत होते. रात्रीच गाडी करून नेलं, चार दिवस सलाईन. असं होऊ शकतं हे आधी कोणी सांगितलंच नाही, तो राग अजून आहे. बायोप्सी केल्याचा पश्चात्ताप मात्र नाही. ताप आला तर सकाळची वाट पाहू नका. रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

उत्तर (वर्धा, नर्स)
अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेतून सुई घालतात, त्यात इन्फेक्शन कमी होतं. ती सोय कुठे आहे विचारा. हळू वाढणारा कॅन्सर निघाला तर लगेच ऑपरेशन नसतं, नुसतं लक्षही ठेवतात. हे बाबांना समोर बसवून सांगा, निर्णय त्यांचा आहे.

प्रश्नकर्ता
बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "पयले लघवी तपासू." बीपीच्या गोळ्यांत एक रक्त पातळ करायचीही निघाली. सोमवारी सेवाग्रामच्या दवाखान्यात जातोय.