दगड कसा तयार झाला यावरून तो कुठे वापरायचा, हे ठरवता येतं का?

चौकट:
अग्निज, स्तरित, रूपांतरित ही विभागणी माहीत आहे, पण प्रत्यक्ष दगड निवडताना तिचा उपयोग कसा करायचा ते कळत नाही. स्वयंपाकाचा ओटा, बाहेरची दगडी भिंत आणि चुलीभोवतीचं बांधकाम अशा तीन जागा आहेत. विक्रीच्या नावांनी तर गोंधळच होतो. काळा दगडही ग्रॅनाइट, पांढराही ग्रॅनाइट, आणि संगमरवरासारखा दिसणारा म्हणे क्वार्टझाइट. हातात तुकडा असेल तर प्रयोगशाळेत न जाता काय तपासता येईल?

गारगोटी:
नाव बाजूला ठेवा आणि दगडात खनिज कोणतं आहे ते आधी बघा.

शिलारस जमिनीत काही किलोमीटर खोल अडकून राहिला की सावकाश थंड होतो आणि स्फटिकांना वाढायला वेळ मिळतो. म्हणून ग्रॅनाइटचे कण नुसत्या डोळ्यांनी वेगवेगळे दिसतात: काचेसारखा राखाडी क्वार्ट्झ, पांढरा किंवा गुलाबी फेल्स्पार, चमकणारं काळं अभ्रक. हे कण एकमेकांत गुंतून वाढलेले असल्यामुळे पाणी शिरायला जागा फारच कमी. लाव्हा पृष्ठभागावर येऊन भराभर थंड झाला तर बेसाल्ट होतो. त्याचे कण भिंगाशिवाय दिसत नाहीत. 'काळा ग्रॅनाइट' म्हणून मिळतो तो बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट, म्हणजे गडद अग्निज खडक असतो. त्यात क्वार्ट्झ नसतो किंवा नगण्य असतो. ओट्याला तो उत्तम चालतो, त्यामुळे नाव चुकलं तरी तिथे बिघडत नाही.

बिघडतं ते संगमरवर आणि क्वार्टझाइट यांच्यात. दोन्ही रूपांतरित खडक, दोन्ही पांढरे असू शकतात, पण संगमरवर चुनखडकापासून होतो आणि क्वार्टझाइट वालुकाश्मापासून. पहिल्यात कॅल्साइट, कठीणता ३ (मोसच्या १ ते १० या मापनावर). दुसऱ्यात क्वार्ट्झ, कठीणता ७. काच साधारण ५.५. तेव्हा दगडाचा तुटका, टोकदार कोपरा काचेवर दाबून ओढा. पांढरी रेघ उमटली म्हणजे काच कापली गेली असं लगेच धरू नका. ओल्या बोटाने चोळा. पुसली गेली तर ती दगडाचीच भुकटी. नखाला खाच लागली तर चरा खरा आणि दगड क्वार्टझाइट.

खात्रीसाठी १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब मागच्या, पॉलिश नसलेल्या बाजूला टाका. पुढच्या बाजूवर रेझिन किंवा सीलर (छिद्रं बुजवणारं द्रव्य) असेल तर निकाल चुकतो. कॅल्साइट लगेच फसफसतो. डोलोमाइटी संगमरवर (ज्यात कॅल्साइटऐवजी मुख्यतः डोलोमाइट हे खनिज असतं) मात्र थंड आम्लाला जवळजवळ दाद देत नाही आणि इथेच लोक फसतात. त्याला चाकूने खरवडा आणि त्या भुकटीवर थेंब टाका, मग बारीक बुडबुडे दिसतील. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे हवेतच. आम्ल पातळ करताना आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही.

चौकट:
समजा संगमरवरच निघाला. ओट्यावर चांगला सीलर मारला तर लिंबाचे डाग टळतील ना?

गारगोटी:
टळणार नाहीत. डाग आणि चट्टा यांत फरक आहे. तेल, हळद छिद्रांत मुरते तो डाग; सीलर त्याला थोपवतो. लिंबू किंवा व्हिनेगर पडल्यावर उमटतो तो चट्टा, कारण आम्लात कॅल्साइट विरघळून पॉलिशच खाल्लं जातं. साधा मुरणारा सीलर छिद्रं भरतो, पण वरचा कॅल्साइट उघडाच राहतो. चट्टा घासून आणि पुन्हा पॉलिश करूनच जातो. संगमरवर लावायचाच असेल तर चकाकीऐवजी मॅट फिनिश घ्या, त्यावर चट्टे कमी उठून दिसतात.

ओळंबा:
भिंतीबद्दल. वालुकाश्म वापरणार असाल तर वाळूचे कण कशाने सांधले गेलेत ते बघा. सिलिकाने सांधलेला टिकाऊ. कॅल्साइटने सांधलेला आम्लाच्या थेंबाने फसफसतो आणि पावसात हळूहळू झिजतो. चिकणमातीने सांधलेला तुकडा रात्रभर पाण्यात ठेवला की कडा बोटाने चुरता येतात. तो बाहेर लावूच नका.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे थर. गाळ ज्या थरांत आडवा साचला, तसेच थर भिंतीतही आडवे हवेत, म्हणजे भार थरांना काटकोनात येतो. थर उभे करून दर्शनी बाजूला समांतर लावले की ओल आणि क्षार थरांमध्ये शिरतात, क्षारांचे स्फटिक वाढतात आणि पापुद्रे सुटू लागतात. घडवलेल्या दगडाचे थर कळत नसतील तर तो ओला करून वाळताना बघा. ओलाव्याच्या रेषा दिसतात. मऊ दगडाला कडक सिमेंटचा मसालाही नको. ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, मग दगडातून पडते आणि दगडच झिजतो. चुन्याचा मसाला बरा.

किती पाणी पितो तेही मोजा: तुकडा १०५ अंश सेल्सिअसवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, थंड झाल्यावर वजन करा, २४ तास बुडवा, ओल्या फडक्याने टिपून पुन्हा वजन करा. ५०० ग्रॅमचा ५०१.५ झाला तर ०.३ टक्के, ग्रॅनाइटला साजेसं. ५२० झाला तर ४ टक्के. वजनकाटा ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा, नाहीतर पहिला फरक नीट कळतच नाही.

भट्टी:
चुलीभोवती ग्रॅनाइट आणि क्वार्टझाइट आगीच्या थेट संपर्कात ठेवू नका. ५७३ अंश सेल्सिअसला क्वार्ट्झची स्फटिकरचना बदलते, आकारमान एकदम वाढतं आणि दगड तडकतो. चुनखडक आणि संगमरवरही नकोत. ९०० अंशांच्या आसपास त्यांचा कळीचा चुना होतो: १०० किलो शुद्ध चुनखडकातून ५६ किलो चुना उरतो, ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. पुढे पाणी लागलं की तो भाग फुगून भुगा होतो.

नदीतले गोटे सर्वांत धोक्याचे. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि गोटा फुटून तुकडे उडतात. आतून फायरब्रिकचं (उष्णता सोसणाऱ्या विटांचं) अस्तर द्या, दगड बाहेरून लावा आणि दोन्हींच्या मधे बोटभर फट सोडा, म्हणजे अस्तर फुगलं तरी दगडाला रेटा बसणार नाही.