हॉटस्पॉट, फायबर आणि मळ्यातले घर

संगणकाला मोबाइलचा हॉटस्पॉट असला की तारेची कटकट हवी कशाला, हे मत मला अर्धेच पटते. यावल तालुक्यातील आमचे घर केळीच्या मळ्यात आहे आणि बाग पूर्ण वाढली की ओटीवरच्या फोनला रेंज मिळेनाशी होते, कारण पाण्याने भरलेली पाने रेडिओलहरी बऱ्याच प्रमाणात शोषून घेतात. अशा वेळी फोन गच्चीवर ठेवून हॉटस्पॉट चालू करण्यापेक्षा तो खिडकीशी ठेवून यूएसबी केबलने संगणकाला जोडावा. जोडणी अधिक स्थिर राहते आणि फोनही चार्ज होत राहतो.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, त्या डायल-अपच्या, म्हणजे फोनच्याच तारेवरून नंबर फिरवून इंटरनेट जोडण्याच्या काळात मोडेम चालू असेपर्यंत घरचा फोन व्यग्र लागे. पुढे एडीएसएल या ब्रॉडबँड तंत्राने त्याच तांब्याच्या तारेवर वेगळ्या वारंवारतेने फोन आणि इंटरनेट ही दोन्ही कामे एकत्र साधली. फायबरमध्ये विजेऐवजी प्रकाश धावतो, त्यामुळे आकाशातील विजेचा धक्का त्या काचेच्या तंतूतून घरात येत नाही. परंतु त्या प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करणाऱ्या भिंतीवरच्या डब्याला वीज लागतेच, म्हणून भारनियमनाच्या गावी त्याची पिन इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्येच असावी.

राउटरपासून गोठ्याशेजारच्या खोलीपर्यंत लॅन केबल (संगणक राउटरला जोडणारी तार) ओढायची असल्यास तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे, हे आधी मोजून घ्यावे. आमची पहिली केबल उंदरांनी कुरतडली. दुसरी पीव्हीसी पाइपातून नेली.