पुरात भिजलेली आजोबांची .२२ रायफल: नळी न कापता दुरुस्ती होईल का?

नमस्कार मंडळी. सांगलीत गावभागात राहतो. आजोबांची टार्गेटची जुनी रायफल आहे, तिच्या नळीबद्दल विचारायचं आहे. परवाना वारसा हक्काने माझ्या नावावर झालेला आहे आणि मुदतीत आहे, त्यामुळे त्या बाजूची काळजी नको.

रायफल बीएसए या ब्रिटिश कंपनीची, मार्टिनी पद्धतीची. खालचा लिव्हर ओढला की आतला ठोकळा पुढून खाली झुकतो, मग हाताने एकच काडतूस घालायचं. नळी जाड, २९ इंची. बाजूला एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफलींचा छाप आहे, तो अजून लख्ख दिसतो.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आम्ही माणसं आणि कागदपत्रं घेऊन बोटीने बाहेर पडलो. रायफलीची पेटी माळ्यावर ठेवली होती. माळाही बुडाला. परत आलो तर पेटी कलंडलेली आणि नळीच्या तोंडाशी गाळ घट्ट बसलेला. आजोबा असते तर त्यांनी काय केलं असतं ते मला माहीत होतं. प्रत्येक सरावानंतर ते किटलीतलं उकळतं पाणी नळीत ओतायचे, मग कोरड्या फडक्याने पुसून तेल. लोकांना नवल वाटायचं, पण जुन्या काडतुसांच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाल्यावर त्याचं मीठ नळीत उरतं, हवेतला ओलावा ओढून घेतं आणि लोखंड खातं. ते तेलाने जात नाही, पाण्यानेच विरघळतं. पण तेव्हा घरात गुडघाभर चिखल होता आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. एका ओळखीच्याने "मी करून देतो" म्हटलं, मी हो म्हणालो. त्याने नळीच्या तोंडातून लोखंडी सळई घालून घासली.

आता स्थिती अशी. तोंडाकडच्या शेवटच्या तीन-चार इंचांत गंजाचे बारीक खड्डे आहेत. तोंडाची कड, म्हणजे क्राउन, एका बाजूला सळईने खरवडली आहे. कान साफ करायची कापसाची काडी कडेवरून फिरवली की बाकी सगळीकडे गुळगुळीत जाते, त्या एकाच जागी धागे अडकतात. हे मला सगळ्यात जास्त लागतं. गोळी नळीचा शेवटचा स्पर्श तिथेच सोडते. कड एका बाजूला मोडलेली असली की मागचा वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला तिरका धक्का बसतो. रेंजवर प्रशिक्षकांसमोर दहा गोळ्या मारून पाहिल्या. २५ मीटरवर तळहाताएवढा पसारा, त्यात दोन भोकं आडवी, म्हणजे गोळी सरळ न जाता कलंडून लागलेली. आजोबांचं ५० मीटरचं निशाण्याचं एक कार्ड घरात जपून ठेवलंय, त्यावरची पाचही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकतात.

कुपवाडच्या एका लेथवाल्याने "दोन इंच कापून नवं तोंड करू, तासाभराचं काम" असं सांगितलं. मी नको म्हणालो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ नुसार नळी आखूड करायला वेगळा परवाना लागतो आणि कलम ५ मध्ये दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना सांगितला आहे. जुनी वस्तू आहे म्हणून सूटही मिळत नाही. कलम ४५ ची सूट दुरुस्त करूनसुद्धा जी चालणार नाही अशाच हत्याराला आहे, आणि ही तर आजही चालते. शिवाय कापलेली नळी ही आजोबांची नळी राहणार नाही.

म्हणून दोनच वाटा दिसतात. एक, लांबी न घटवता फक्त क्राउन नव्याने घासून घेणं. दुसरी, लायनर. म्हणजे जुनी नळी आतून मोठी करून तिच्यात खाच पाडलेली पातळ पोलादी नळी बसवायची आणि चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, नव्याने काढायचं. बाहेरून रायफल जशीच्या तशी राहते. पण सुटे भागसुद्धा कायद्याने शस्त्रातच मोडतात, तेव्हा परदेशातून लायनर मागवणं हे पार्सल मागवण्याइतकं सोपं नाही.

भर, दुसऱ्या दिवशी: खाली एका काकांनी मऊ शिशाची गोळी पितळी सळईने हळूहळू ढकलून बघायला सांगितलं. काका, तुमचे आभार. रिकाम्या नळीत तसं करून पाहिलं. चेंबरपासून गोळी एकसारखी घट्ट सरकली. तोंडाच्या साधारण आठ इंच अलीकडे हाताला एकदम सैल लागली, अर्ध्या इंचाने परत घट्ट झाली. उजेडाकडे धरून पाहिलं तर तिथे काळसर कडं दिसतं. हा पुराचा प्रताप नाही. कधीतरी आत अडकलेल्या गोळीवर दुसरा बार झाला असणार आणि तेवढी जागा फुगली असणार. म्हणजे आजोबांचं ते कार्ड या कड्यासकटच झालेलं असू शकतं, आणि तसं असेल तर खरा दोष क्राउनचा आणि खड्ड्यांचाच. दुरुस्ती होईपर्यंत मात्र रायफल पेटीत, एकही बार नाही.

स्वप्नील कुसळेंचं पॅरिस २०२४ चं कांस्य पाहिल्यापासून माझी मुलगी याच पेटीभोवती घुटमळते आहे. कोल्हापूर, पुणे, बेळगाव, कुठेही जायची तयारी आहे. फक्त माणूस परवानाधारक हवा आणि जुन्या .२२ च्या क्राउनचं काम त्याने स्वतःच्या हाताने केलेलं हवं. फुगलेल्या जागेसह अशी नळी वापरात ठेवलेली कुणी पाहिली असेल, तर तेही लिहा.